आपल्या गावाच्या नावाची दुसरी गावे पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समनामी गाव म्हणजे नेमके काय?

आपण ज्या गावात वाढलो त्याच नावाचे, पण दुसऱ्या तालुक्यातले, दुसऱ्या राज्यातले किंवा थेट दुसऱ्या खंडातले गाव म्हणजे समनामी गाव. अशी गावे शोधून त्यांना भेट देणे हा अनेकांचा छंद आहे. तो वरवर पोरकट वाटला तरी त्यातून इतिहासाचा बराच अभ्यास घडतो, कारण गावाचे नाव आपोआप प्रवास करत नाही. ते कोणीतरी सोबत नेलेले असते, आणि ते कोणी, कधी व कशासाठी नेले याचा माग काढता आला तरच या प्रवासाला खरा अर्थ येतो. नुसते फलकापाशी उभे राहून छायाचित्र काढायचे असेल, तर पुढचे बरेचसे वाचण्याची गरज नाही.

एकच नाव दोन ठिकाणी कसे पोहोचते?

याचे मार्ग अनेक आहेत आणि जाण्याआधी आपल्या नावाचा मार्ग कोणता हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पहिला आणि सर्वांत सरळ मार्ग स्थलांतराचा. इंग्लंडच्या लिंकनशायरमधील बॉस्टन आणि त्या परिसरातून गेलेल्या लोकांनी १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या वसाहतीला तेच नाव दिले. स्पेनमधील त्रुहियो हे पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचे जन्मगाव, म्हणून पेरूमधल्या नव्या शहरालाही त्रुहियो हे नाव मिळाले. मेक्सिकोतील ग्वादालाहारा हे नावही असेच, नुन्यो दे गुझमान या स्पॅनिश सेनानीच्या जन्मगावावरून पडलेले आहे. जेत्याने आपल्या गावाचे नाव जिंकलेल्या भूमीवर ठेवणे ही त्या काळातली नित्याची गोष्ट होती.

दुसरा मार्ग व्यक्तीचा, आणि येथेच अनेकांची फसगत होते. ऑस्ट्रेलियातले सिडनी १७८८ मध्ये वसले आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले सिडनी त्याच्या तीन वर्षे आधी, १७८५ मध्ये. या दोहोंपैकी एकाचेही नाव दुसऱ्यावरून पडलेले नाही. दोन्ही नावे लॉर्ड सिडनी या एकाच ब्रिटिश मंत्र्याच्या सन्मानार्थ दिलेली आहेत. अशी गावे एकमेकांची आई आणि लेक नसून बहिणी असतात, त्यामुळे एकीच्या मातीत दुसरीची मुळे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

तिसरा मार्ग पुस्तकांचा. न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय, इथाका, सिराक्यूज, युटिका अशी नावे गर्दीने भेटतात. ग्रीसमधून किंवा सिसिलीतून कोणी तेथे येऊन वसले होते असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, नव्या प्रजासत्ताकाला प्राचीन ग्रीस व रोमची ओढ असताना, जमिनीची वाटणी व वसाहती होऊ लागल्या आणि अभिजात ग्रंथांतली नावे नकाशावर उतरली. तेथे होमर, ओव्हिड आणि व्हर्जिल या प्राचीन कवींच्या नावांचीही गावे आहेत.

चौथा मार्ग निव्वळ योगायोगाचा. तमिळनाडूतील सेलम आणि अमेरिकेतील अनेक सेलम यांचा परस्परांशी काही संबंध नाही. अमेरिकेतली नावे बायबलमधून आलेली आहेत, तमिळनाडूतले नाव स्थानिक भाषेतून. लॅटिन लिपीत अक्षरे सारखी पडली इतकेच.

काही नावे यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील पॅरिसला ते नाव मिळाले ते तेथे सापडणाऱ्या जिप्समच्या साठ्यांमुळे, कारण जिप्समपासून प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या बॉम्बे या वस्तीचे नाव शहरावरून थेट आले नाही, तर १८६० च्या दशकात तेथल्या वसाहतकारांना घेऊन आलेल्या ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजावरून पडले. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडचे नाव तर नाणे उडवून ठरले. १८४५ मध्ये त्या जमिनीच्या दोन मालकांपैकी एकाला आपल्या बॉस्टनचे नाव हवे होते, दुसऱ्याला मेन राज्यातल्या पोर्टलंडचे. तीनपैकी दोन फेऱ्या दुसऱ्याने जिंकल्या. १८३५ साली पाडलेले ते तांब्याचे सेंट नाणे ओरेगॉनच्या इतिहास संस्थेने जपून ठेवले आहे. ज्या मेनमधल्या पोर्टलंडवरून हे नाव आले, तेही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावरून घेतलेले आहे.

आपल्या गावाची समनामी गावे शोधायची कशी?

प्रथम विकिपीडियावर आपल्या गावाच्या नावाचे निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे त्या नावाच्या सर्व गोष्टींची यादी देणारे पान, पाहावे. तेथे ठळक गावे मिळतात, पण लहान वस्त्या बहुधा सुटतात. त्यांच्यासाठी जिओनेम्स हा मुक्त संग्रह उपयोगी पडतो, त्यात जगभरातील एक कोटीहून अधिक ठिकाणे नोंदलेली आहेत. अमेरिकेसाठी तेथील भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची स्थलनामांची नोंदवही सर्वांत भरवशाची. तीत ज्या नोंदीपुढे ‘ऐतिहासिक’ असा शेरा असतो, ते ठिकाण आज अस्तित्वात नाही असे समजावे. हा शेरा न पाहता निघालेला प्रवासी थेट मक्याच्या शेतात जाऊन पोहोचतो. कॅनडासाठी तेथील सरकारची भौगोलिक नावांची नोंद पाहावी.

शोध घेताना नावाची सर्व वर्णलेखने करून पाहावीत, कारण लिप्यंतरात एकाच नावाची तीन-चार रूपे होतात. जुने नाव आणि नवे नाव, दोन्ही तपासावीत. नावापुढे जोडलेली ओळखही लक्षात घ्यावी: फ्रँकफर्ट म्हटले की सर्वांना माइन नदीकाठचे शहर आठवते, पण पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठी दुसरे फ्रँकफर्ट आहे आणि जर्मनीत ही नदीची नावे शहराच्या नावाचाच भाग मानली जातात.

यादी फार मोठी झाली तर निवड कशी करावी?

आपले गाव सान होजे, रिचमंड किंवा नॉयश्टाट असेल, तर सर्व ठिकाणी जाण्याचा विचारही करू नये. माझ्या मते ज्या गावाच्या नावाचा धागा कागदोपत्री सिद्ध करता येतो, ते गाव आधी घ्यावे, मग ते कितीही लहान असो.

रिचमंडचे उदाहरण यासाठी चांगले आहे. नॉर्मंडीतील रिशमाँ या नावावरून यॉर्कशायरमधले रिचमंड आले. यॉर्कशायरच्या त्या सरदारकीचा किताब इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्याकडे होता, म्हणून त्याने थेम्सकाठी बांधलेल्या राजवाड्याला रिचमंड हे नाव दिले आणि त्या राजवाड्यावरून तेथले गाव ओळखले जाऊ लागले. पुढे अठराव्या शतकात व्हर्जिनियातील या नव्या शहराचा संस्थापक विल्यम बर्ड याला व्हर्जिनियातील जेम्स नदीचे वळण पाहून थेम्सकाठच्या रिचमंड टेकडीवरून दिसणारे वळण आठवले, आणि तेथल्या नव्या शहरालाही तेच नाव मिळाले. या साखळीतले शेवटचे दोन दुवे आजही पडताळून पाहता येतात. रिचमंड टेकडीवरून दिसणारे दृश्य १९०२ च्या कायद्याने संरक्षित आहे आणि व्हर्जिनियात लिबी हिल या उद्यानात उभे राहिले की नदी तशीच वळताना दिसते. टेकडीवर उभे राहून दुसऱ्या जागेचे छायाचित्र समोरच्या नदीशी ताडून पाहण्यासारखे सुख या छंदात दुसरे नाही.

आमचे मूळ गाव लहान आहे आणि समनामी शहर प्रचंड मोठे आहे. मग जाण्यात अर्थ आहे का?

आहे, मात्र तेथे आपले कौतुक होईल अशी अपेक्षा ठेवू नये. स्पेनमधील मेदेयीन ही दोनेक हजार वस्तीची जागा आहे, कोलंबियातील मेदेयीनची लोकसंख्या वीस लाखांच्या वर. मोठ्या शहराला आपल्या नावाचे मूळ ठाऊक असते, पण ते त्याच्या रोजच्या विचारात नसते. याउलट मोठ्या शहरातून लहान समनामी गावी गेल्यास गावकरी बहुधा आपुलकीने बोलतात, कारण त्यांना आयुष्यभर ‘ते मोठे की हे?’ हा प्रश्न ऐकावा लागलेला असतो. तो प्रश्न आपण विचारू नये.

विमानाचे तिकीट काढताना काय सांभाळावे?

शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत पाहावा. ऑस्ट्रेलियातील सिडनीचा संकेत एसवायडी, नोव्हा स्कोशियातील सिडनीचा वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा एमईएल, फ्लोरिडातील मेलबर्नचा एमएलबी. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा बीएचएक्स, अलाबामातील बर्मिंगहॅमचा बीएचएम. कोस्टारिकाची राजधानी सान होजे एसजेओ, कॅलिफोर्नियातील सॅन होजे एसजेसी. अशा वेळी एक अक्षर चुकले तर खंड बदलतो. २००२ मध्ये एक तरुण ब्रिटिश जोडपे ऑस्ट्रेलियाला जाण्याच्या समजुतीने कॅनडातील सिडनीत उतरले होते, आणि त्यानंतरही तसे प्रकार घडले आहेत.

रस्त्याने जाताना मार्गदर्शक ॲपमध्ये गावाचे नाव टाकू नये. अक्षांश-रेखांश टाकावेत, किंवा निदान जिल्हा आणि राज्य जोडावे. ॲप बहुधा सर्वांत जवळचे किंवा सर्वांत प्रसिद्ध ठिकाण निवडते, आणि आपल्याला नेमके तेच नको असते.

लहान गावापर्यंत पोहोचायचे कसे?

उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक लहान गावांना रेल्वे किंवा बस उपलब्ध नसते, त्यामुळे मोटार भाड्याने घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या देशातूनच घ्यावा लागतो, परदेशात गेल्यावर तो मिळत नाही. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. युरोपात मात्र अनेक लहान गावे रेल्वेने जोडलेली आहेत.

नावाचा उच्चार कसा करावा?

जेथे जाल तेथील लोक करतात तसा. अमेरिकेत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण तेथे नावाचे स्पेलिंग राहिले आणि उच्चार वेगळ्याच वाटेने गेला. इलिनॉयमधील कैरोला तेथले लोक ‘केरो’ म्हणतात, ओहायोतील लिमाला ‘लायमा’, केंटकीतील व्हर्सायला ‘व्हरसेल्स’. न्यू हॅम्पशायरमधल्या बर्लिनमध्ये आघात पहिल्या अक्षरावर येतो. न्यूयॉर्क राज्यातील दिल्ली तेथे ‘डेलहाय’ होते, ओंटारिओतील दिल्लीही तशीच. आपण मूळ शहरातून आलो आहोत म्हणून आपलाच उच्चार शुद्ध, असे मानून कोणाला सुधारायला जाऊ नये. त्या लोकांनी त्या उच्चारात पिढ्या काढल्या आहेत आणि पत्ता विचारताना उपयोग त्यांच्याच उच्चाराचा होतो.

गावात पोहोचल्यावर पाहायचे काय?

येथे घाई करू नये. बहुतेक लोक वेशीवरच्या फलकाचे छायाचित्र काढून परततात आणि नंतर ‘तेथे काहीच नव्हते’ असे सांगतात. लहान गावात पाहण्यासारखे असते ते दारे उघडल्यावर दिसते.

सर्वप्रथम जुनी दफनभूमी. एकोणिसाव्या शतकात वसलेल्या वसाहतींच्या दफनभूमीत जुन्या शिळांवर मृताच्या नावाखाली ‘अमुक ठिकाणचा मूळ रहिवासी’ असे कोरलेले अनेकदा आढळते. ज्या ओळीत गावाचे नाव येते ती बहुधा बारीक अक्षरांत, तारखेच्या वर किंवा खाली असते आणि दगडावर शेवाळे धरलेले असल्यामुळे सहज नजरेत भरत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे पडत असताना गेल्यास कोरलेल्या कडांची सावली पडते आणि अक्षरे वाचता येतात. खडू किंवा रसायन लावून अक्षरे उठवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, त्याने दगड खराब होतो. वसाहत स्थलांतराची असेल, तर नावाचा पुरावा येथे मिळण्याची शक्यता सर्वाधिक.

त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालय. लहान गावांच्या ग्रंथालयांत स्थानिक इतिहासाचे एक कपाट असते: गावाच्या शताब्दीनिमित्त काढलेली स्मरणिका, शाळेची वार्षिके, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली. ग्रंथपालाला येण्याचे कारण आधी ई-मेलने कळवले असेल, तर ते कागद काढून ठेवलेले मिळतात.

टपाल कार्यालयही चुकवू नये. तेथून स्वतःच्या घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे आणि हाताने शिक्का मारण्याची विनंती करावी, नाहीतर ते मोठ्या वर्गीकरण केंद्रात जाऊन त्या शहराच्या शिक्क्यासह येते. अमेरिकेत २०१२ पासून सुमारे १३,००० लहान टपाल कार्यालयांच्या वेळा कमी करण्याची योजना अमलात आली, त्यामुळे दोन-चार तासच उघडी असणारी कार्यालये सर्रास आढळतात. वेळ आधी पाहून घ्यावी.

काही गावांनी आपल्या नावाची जाहीर खूण उभारलेली असते. टेक्सासमधील पॅरिसने १९९३ मध्ये आयफेल मनोऱ्याची छोटी प्रतिकृती उभारली आणि नंतर तिच्या टोकावर लाल रंगाची काउबॉय टोपी बसवली. जॉर्जिया राज्यातील रोमची खूण मात्र विनोदाने हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९२९ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने त्या शहराला रोमच्या स्थापनेच्या दंतकथेतील सुप्रसिद्ध लांडगीची कांस्य प्रतिकृती भेट दिली, तिचे दूध पिणाऱ्या जुळ्या बालकांसह. १९३३ मध्ये त्यांपैकी एक बालक चोरीला गेले आणि त्याच्या जागी इटलीहून दुसरे आणावे लागले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर लोकांचा रोष पाहून पुतळा हलवण्यात आला आणि १९५२ मध्ये तो परत बसवला गेला. एका नावामुळे दूरच्या राजकारणाचे ओझे लहान शहराला कसे वाहावे लागते, हे त्या चौथऱ्यासमोर उभे राहिले की कळते.

नावामागचा इतिहास आपल्याला अप्रिय असेल तर?

असे होते, आणि त्याची तयारी ठेवून जावे. ओंटारिओमधील लखनौ हे गाव १८५७ च्या उठावाच्या काळातील लखनौच्या वेढ्याची आठवण म्हणून त्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील मुख्य रस्त्याला कॅम्पबेल हे नाव आहे, आणि ब्रिटिश फौजेच्या ज्या सेनापतीने लखनौ परत घेतले त्याचेही नाव कॉलिन कॅम्पबेल होते. लखनौहून तेथे गेलेल्या माणसाला आपल्या शहराचे नाव दुसऱ्या बाजूच्या विजयाची खूण म्हणून भेटते. ज्या गावांना जिंकणाऱ्यांनी नावे दिली, त्यांच्या बाबतीत मूळ रहिवाशांनी त्या जागेला काय म्हटले होते हेही शोधावे. तेथील आजचे रहिवासी त्या नामकरणाला जबाबदार नाहीत, म्हणून प्रश्न विचारताना आरोपाचा सूर नसावा. मात्र प्रश्न टाळूही नये.

गावकऱ्यांना किंवा नगराध्यक्षांना आधी कळवावे का?

कळवणे चांगले. पत्र छोटे असावे आणि त्यात सत्काराची अपेक्षा डोकावू नये. आपल्या गावाचा एखादा जुना नकाशा किंवा इतिहासाचे पुस्तक ग्रंथालयाला भेट देता आले, तर ते पुष्पगुच्छापेक्षा अधिक काळ टिकते.

दोन समनामी गावांमध्ये औपचारिक नाते जोडता येते का?

येते, पण ते व्यक्तीचे काम नाही, दोन नगरपालिकांचे आहे. स्पेनमधील तोलेदो आणि ओहायोतील टोलेडो यांनी १९३१ मध्येच असे नाते जोडले होते. एका नावाच्या अनेक गावांनी मिळून स्थापलेल्या संघटनाही आहेत. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘नॉयश्टाट इन युरोपा’ या गटात जर्मनीसह अनेक देशांमधील तीसहून अधिक नॉयश्टाट आहेत. अशा गटाचे सदस्य असलेल्या गावात पर्यटन कार्यालयाला विचारले, तर इतर समनामी गावांची माहिती तेथेच मिळते.

समनामी गावाचे नाव बदलले असेल तर ते यादीत धरावे का?

धरावे, किंबहुना अशी गावे मला अधिक रंजक वाटतात. ओंटारिओतील बर्लिनने पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, मतदान घेऊन आपले नाव बदलले आणि ते किचनर झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हान्डॉर्फचे नाव १९१७ मध्ये अँबलसाइड करण्यात आले आणि १९३५ मध्ये मूळ नाव परत मिळाले. अशा ठिकाणी जुने नाव चर्चच्या कोनशिलेवर, शाळेच्या दाखल्यांत, एखाद्या गल्लीच्या नावात शिल्लक असते. ते शोधणे हेच तेथले काम.

उलटही घडते. मूळ गावाचे नाव बदलते आणि दूरच्या समनामी गावात जुने नाव टिकते. मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये झाले, ओरेगॉनमधील मद्रास अजून मद्रासच आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला बॉम्बे आहे, मुंबई नाही. रशियातील सेंट पीटर्सबर्ग १९२४ पासून १९९१ पर्यंत लेनिनग्राड होते, त्या सबंध काळात फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गने मात्र ते नाव चालवले.

गाव ओसाड झालेले असेल तर?

जाण्यास हरकत नाही, पण जमीन कोणाच्या मालकीची आहे ते पाहून परवानगी घ्यावी. प्रशांत महासागरातील किरिबाटी देशाच्या किरितिमाती बेटावर लंडन, पोलंड आणि पॅरिस नावाच्या वस्त्या होत्या. त्यांपैकी पॅरिस आज ओसाड आहे, लंडनमध्ये लोक राहतात.

शोध घेऊनही समनामी गाव सापडलेच नाही तर?

मग नात्याची दुसरी वाट शोधावी. जपानमधील शिनशिरो आणि युरोप-अमेरिकेतील अनेक न्यूकॅसल यांची नावे ऐकायला वेगळी आहेत, अर्थाने मात्र एकच: नवा किल्ला. १९९८ मध्ये शिनशिरोत भरलेल्या संमेलनापासून ही गावे ठरावीक काळाने एकत्र येत असतात. स्कॉटलंडमधील डल या खेड्याने तर ओरेगॉनमधील बोरिंगशी २०१२ मध्ये जोडी जमवली आणि पुढे ऑस्ट्रेलियातील ब्लँड परगणाही त्यात आला; इंग्रजीत या तिन्ही शब्दांचा अर्थ ‘नीरस’ असाच होतो. बोरिंगला स्वतःची नगरपालिका नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे त्याला भगिनी-शहर होता येईना. म्हणून त्यांनी ‘भगिनी’ हा शब्द सोडला आणि ‘जोडी’ म्हणून काम भागवले.